तिसऱ्या कऱ्यातलं पाणी

अक्षय तृतीयेला आमच्या घरी पितरांच्या नावानं पाण्याचे दोन मातीचे घट मांडतात. वडिलांसाठी करा, आईसाठी केळी. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बायकोनं तीन मांडले. तिसराही करा, म्हणजे पुरुषाच्याच नावाचा. विचारलं तर म्हणाली, तिच्या माहेरी, शिरूर अनंतपाळकडं, वाट चुकलेल्या जिवासाठी एक जास्तीचा ठेवतात. मी हिमायतनगरच्या शाळेत विज्ञान शिकवतो, पण त्या दिवसांत ती सांगेल ते मला खरं वाटायचं.

दुपारी जेवायला बसेपर्यंत तिसरा करा रिकामा झाला होता. बाकीचे दोन काठोकाठ. मी म्हटलं, कच्चा भाजला असणार. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मी स्वतः करा वाजवून आणला, आदल्या दिवशी भरून पाहिला आणि सणाला त्याच्याखाली स्टीलचं ताट ठेवलं. करा रिकामा, ताट कोरडं. माझं शास्त्र तिथंच आडवं झालं. भीती वाटायच्या आधी मला राग आला आणि हा कोण, असं मी सरळ विचारलं.

तिनं सांगितलं. माझ्याआधी तिचं एक लग्न झालं होतं. आठ महिन्यांत नवरा गेला. भर उन्हात रानातून आला, ओसरीवर टेकला, पाणी दे म्हणाला. ती तांब्या घेऊन येईस्तोवर सगळं संपलं होतं. माहेरच्यांनी हे आमच्यापासून लपवलं आणि तिलाही गप्प बसवलं.

"तुमी सोडून द्याल म्हनून बोलले न्हाई," ती म्हणाली. "पन त्यायला पानी न्हाई म्हनवत न्हाई मला."

सोडायचं माझ्या मनातही आलं नाही. माझा तिच्यावर जीव होता. पण त्या मेलेल्या माणसाचा मला मत्सर वाटला. जिवंत माणसाशी निदान भांडता येतं. पुढच्या वर्षापासून दोनच मांडायचे, असं मी बजावलं. ती मान हलवून "हाव" म्हणाली.

चौथ्या वर्षी खरंच दोनच घट होते. मी खुशीत दोन वाट्या आमरस ओरपला. ती सकाळपासून गॅसपुढं पोळ्या लाटून घामाघूम झाली होती, ओठ सुकले होते, तरी तिचा पाण्याचा पेला तसाच भरलेला. पी म्हटलं, तर तहान नाही म्हणाली. इतकं उघड खोटं तिनं कधी सांगितलं नव्हतं.

मला स्वतःची लाज वाटली. ताटावरून उठून तसाच उन्हात कुंभाराकडं गेलो. त्यानं पसारा आवरला होता. काठाचा टवका उडालेला एकच करा उरला होता. तो आणून मीच भरला आणि वडिलांच्या कऱ्याशेजारी ठेवला.

"घ्या, दादा," मी म्हटलं. "घर तुमचंबी हाय."

आम्ही दोघं समोर बसून राहिलो. पाणी बोटाबोटानं उतरत गेलं. तळ दिसला तेव्हा तिनं आपला पेला उचलला आणि एका दमात संपवला.