रूथबाईंच्या पदराची गाठ

रूथबाईंच्या पदराला रोज सकाळी एक गाठ असायची. निजामी अमलात जिंतूरकडच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी कंपाउंडर. नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी मी विचारलं, "बाई, पदरात काय बांधलंय? प्रसाद?"

"न्हाई," त्या म्हणाल्या, "माझा आजचा अवगुण हाय."

मग त्यांनीच समजावून सांगितलं. पहाटेच्या प्रार्थनेत आपला एक दोष देवापुढं कबूल करायचा आणि दिवसभर त्याच्यावर पहारा ठेवायचा. दिवस नीट गेला तर संध्याकाळी गाठ सोडायची. चुकलं तर ज्याला दुखावलं त्या माणसाच्या दारात सूर्य बुडायच्या आत जाऊन माफी मागायची, मगच सोडायची. "राग शिळा झाला की त्याला वास सुटतो, बाबा," असं त्या म्हणायच्या.

त्यांची गाठ बहुतेक वेळा जिभेचीच असे. राग अगदी नाकाच्या शेंड्यावर. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवायला विसरलो की त्या कडाडायच्या आणि दिवेलागणीच्या आधी माझ्या खोलीशी येऊन हात जोडायच्या. चूक माझी, माफी त्यांची! पुढं पुढं मला इतका संकोच वाटू लागला की चिठ्ठ्या आपोआप वेळेवर लागू लागल्या.

बाकीच्या सवयीही अशाच. भाकरीचं पीठ मळण्याआधी मूठभर पीठ देवाच्या मडक्यात बाजूला काढायचं. शुक्रवारी एक वेळ उपाशी राहायचं. शास्त्रातलं एक वचन रोज पाठ करायचं, तेही पट्ट्या धुता धुता. चहाचा मात्र जबरदस्त शौक. तरी अधूनमधून समोरचा वाफाळता कप मला देऊन टाकायच्या. "चहानं हाक मारली की रोज उठायचं न्हाई. त्याला बी कळू दे, मालक कोन हाय ते." त्यांच्या या संयमामुळं माझा चहा वाढला, हे मी कबूल करतो.

एका बाजाराच्या दिवशी भरदुपारी धनगरवस्तीवरची धोंडाबाई तान्ह्या नातवाला घेऊन आली. मागं सून. पोराला डबा झाला होता, म्हणजे छाती भरून श्वास लागला होता. रूथबाईंनी दुपटं उघडलं तर इवल्याशा पोटावर तापल्या सुईचे ताजे डाग.

"डागलंस?" बाई ओरडल्या. "कसाई हायेस का? पोर दगावलं तर तुझ्याच हातानं दगावलं म्हन!"

सगळी रांग बघत होती. धोंडाबाईनं पोराला घोंगडीत गुंडाळलं आणि चालू लागली. सून वळून वळून बघत होती.

"येतील परत," मी म्हणालो.

"न्हाई येनार. मी असते तर मी बी आले नसते." बाईंनी औषधांची पिशवी उचलली आणि आम्ही दोन कोस उन्हातून निघालो. वाटेत मी शहाणपणा सांगितला, "आधी पोराला औषध द्या, माफीचं नंतर बघू."

"तिचं मन उघडल्याबिगर दार कसं उघडंल?"

धोंडाबाई झोपडीच्या दारातच बसली होती. बाई तिच्यासमोर मातीत बसल्या. "मावशी, माझं चुकलं. डागनं वाईट हायच. पन चार मानसांत तुला बोलले, ते लय वाईट झालं. मला माफ कर."

मग धोंडाबाईनं जे सुरू केलं! "तुझ्याकडं दवा हाय, अक्कल हाय, जबान न्हाई! माझी तीन लेकरं ह्याच डब्यानं गेली. तवा कुटं व्हतीस तू? मायनं जे शिकवलं ते मी केलं. मला काय हौस व्हती डागायची?"

आतून पोराची घरघर ऐकू येत होती. मी मधे बोलणार, तोच बाईंनी हातानं अडवलं. दुसऱ्या हातानं त्यांनी पदराची गाठ अशी आवळून धरली होती की बोटं पांढरी झाली. ज्या बाईला अर्धा शब्द सोसवत नसे, ती मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. मला त्यांचा इतका अभिमान एरवी कधीच वाटला नाही.

अखेर धोंडाबाईचा आवाज फाटला. डोळे पुसत ती बाजूला सरकली. "ये आत," ती म्हणाली.

बाई तीन दिवस त्या वस्तीवर राहिल्या. पोर जगलं. पुढं त्या वस्तीवरची आजारी लेकरं डागण्याआधी दवाखान्यात येऊ लागली. धोंडाबाई स्वतः मात्र लांबूनच परत जायची, बाईंच्या नजरेला नजर देत नसे. बाईंना त्याचं वाईट वाटे.

चारपाच वर्षांनी मिशननं बाईंची बदली केली. मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. मोटार सुटणार, तेवढ्यात धोंडाबाई धापा टाकत आली. हाताला तो नातू. तिनं त्याचा सदरा वर केला आणि पोटावरच्या पांढुरक्या वणांवर बोट ठेवलं.

"बाय, हे माझ्या हातचं हाय. त्या दिशी तू माफी मागून मोकळी झालीस. माझी मागायची ऱ्हाऊन गेली."

रूथबाईंनी गाठोडं खाली ठेवलं आणि तिला मिठीत घेतलं. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला.

"थांब की जरा," मी त्याच्यावर ओरडलो.