कुंडांची वेळ

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी मुलाने मला विशाखापट्टणमला नेलं. तो तिथे नोकरीला आहे. दुर्गला गाडीत बसलो तेव्हाच म्हणाला, "आई, पंधरा दिवस राहून पाह्य. पटलं त सेक्टर दोनचं घर बंद करू." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घर बंद करायचं की नाही, एवढंच ठरवायला मी गेले होते. समुद्र पाहायला नाही.

समुद्र मी त्याआधी पाहिलाच नव्हता. आमची सुट्टी म्हणजे भंडाऱ्याकडचं गाव, धानाची कापणी आणि परत भिलाई, स्टील प्लांटच्या वसाहतीतलं सेक्टर दोनचं घर.

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मुलगा आणि सून मला किनाऱ्यावर घेऊन गेले. घरापासून पायी पाव तास. सुरूच्या झाडांतून उतरलं की एकदम रेती. ना भेळवाला, ना बसायला बाक. पुढे काळे खडक आणि खडकांत पाण्याने भरलेली कुंडं. एक न्हाणीएवढं, एक परातीएवढं, अशी सहा-सात. तळाचा शिंपला हाताशी आहे असं वाटून मी हात घातला तर कोपरापर्यंत भिजले.

"कोणं बांधले हे टाके?" मी विचारलं.

मुलगा हसला. "कोणंच नाही बांधले, आई. तुले सगळं प्लांटनंच बांधलं वाटते."

"हसून काय राहिला? नीट सांग."

"आई, पाय टाकून बसा न," सून म्हणाली. "मस्त वाटते."

बसले. बोटाएवढे मासे येऊन टाचेला चाटून गेले. खडकाला फुलासारखं काहीतरी चिकटलं होतं. बोट लावलं तर त्याने अंग आवळून घेतलं. मी ते पुन्हा उमलेपर्यंत पाहत बसले. मला बरं वाटलं. नवरा गेल्यापासून असं वाटलं नव्हतं. मनात आलं, हे असेल तर राहू इथे.

सोमवारपासून मी एकटीच जाऊ लागले. मुलगा कामावरून उशिरा यायचा, दोघं आठपर्यंत झोपायचे. मी साडेसहाला दार ओढून निघायची आणि ते उठायच्या आत परतायची. लपवलं नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

मंगळवारी कडेची दोन कुंडं सापडली नाहीत. बुधवारी एकच दिसलं. गुरुवारी एकही नाही. खडकांच्या डोक्यावरून लाटा फुटत होत्या. मला वाटलं मीच चुकले, दुसऱ्याच जागी आले. पण झाडं तीच होती. आमच्याकडे प्लांटची पहिली पाळी सहाला लागते आणि नळ पावणेसातला येतो. पाणी सातला उतरलेलं पाहिलं म्हणजे रोज सातला उतरणार, असं मी धरूनच चालले होते.

रेतीवर एक बाई मासे वाळत घालत होती. तिला मी खडकांकडे हात करून विचारलं. ती तेलुगूत काहीतरी बोलली आणि डोक्यावर बोट दाखवलं. ऊन लागेल म्हणत असेल, असं समजून मी पदर घेतला. ती हसली, पुन्हा आभाळाकडे बोट केलं. तिला हिंदी येत नव्हती. मी नऊपर्यंत वाट पाहिली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, आणि परत आले.

मुलगा दारातच उभा होता. "कुठं गेली होती? फोनही घरीच!"

"ते टाके कुठं गेले?"

"आई, भरती आली असन. रोज टाइम बदलते. आज दुपारी ऊन डोक्यावर आलं का उतरन पाणी. मोबाइलवर दिसते न."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"तू रोज जाते, हे मले काय मालूम?"

खरं होतं ते. चार सकाळी मी त्या घरात नव्हते आणि घरात कोणाला कळलं नव्हतं. त्यांची चूक नाही. कामाची माणसं आहेत. पण भिलाईत घरी कोणी नाही, म्हणून कोणाला कळत नाही. इथे माणसं असून कळलं नाही. दोन्हींत मला पहिलं सोपं वाटलं. रविवारी जेवताना सांगितलं, घर बंद करायचं नाही. सुनेने मला आणखी भात वाढला.

आता भिलाईत मला दर रविवारी सकाळी मुलाचा फोनवर निरोप येतो. ओहोटीची वेळ, तेवढीच. कधी सहा चाळीस, कधी अकरा. मी उत्तर देत नाही.

मागच्या रविवारी निरोप आला नाही. जेवण झाल्यावर मीच फोन केला.

"आजची वेळ?"

"कशाची?"

"पाण्याची."

"तुले काय करायचं, आई? तू त तिकडं आहे."

"सांग न."

थोडा वेळ तो शोधत होता. "आठ वीस."

"बरं," म्हणून मी फोन ठेवला. घड्याळात साडेबारा झाले होते. कुंडं केव्हाच पाण्याखाली गेली असतील.