टेबलावरच्या माणसाची टाळी

रविवारी दुपारी दीड वाजला की आमच्या इमारतीच्या लॉबीत एक साठी उलटलेला माणूस परीक्षेला बसायचा. निदान लांबून तसं वाटायचं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, समोर घडीचं टेबल, कानात मोबाइलची वायर, डावीकडे लाल पेन आणि उजवीकडे निळं. समोरच्या कागदावर छापील चौकटी असत आणि त्यांत ते मुंगीएवढे आकडे भरत. मध्येच त्यांचा श्वास अडकायचा, मध्येच डोळे मिटायचे, पण तोंडातून आवाज म्हणून नाही.

"अम्मी, तुझे कोच खाली पेपर लिहायला बसलेत. कॉपी पुरवायची असेल तर जा," तुमचा इरफानमामू मला चिडवायचा.

झोया, रेहान, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तुमचं विमान कॅनडाला गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी ते इथे कतारमध्ये, अल वक्र्याला, आमच्या तळमजल्यावर राहायला आले. त्यांचं नाव आन्सेल्मो. दोह्यातल्या एका अकादमीत ते मुलांना बास्केटबॉल शिकवत. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. त्यांचं इंग्रजी अर्धं स्पॅनिश होतं आणि त्यात मुलांकडून उचललेलं अरबी यल्ला आणि खलास. इथे मात्र मी ते मराठीत लिहिते आहे. फोनवर तुम्ही मला इंग्रजीत उत्तरं देता, ते ठीक आहे. हे सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा.

पहिल्या भेटीत त्यांनी माझा अपमान केला होता. मी भाजीच्या पिशव्या घेऊन लॉबीत आले आणि "गुड आफ्टरनून" म्हटलं. त्यांनी मान वर न करता हाताचा पंजा माझ्यासमोर धरला. आयुष्यभर शाळेत वर्ग गप्प केलेल्या बाईला गप्प बसायची खूण! मी तशीच लिफ्टमध्ये शिरले. संध्याकाळी बेल वाजली. दारात ते संत्र्यांची पिशवी घेऊन उभे.

"सेन्योरा, माफ करा. त्या वेळी फ्री थ्रो चालू होते."

मी त्यांना आत बोलावलं. फ्री थ्रो म्हणजे समोरच्यानं नियम मोडला की मिळणारी मोकळी फेक, प्रत्येक फेकीला एक गुण, हे मला त्याच दिवशी कळलं. त्यांच्या गावात ते सामन्याचे गुणलेखक होते. मैदानाच्या कडेला एक टेबल असतं आणि तिथे बसून प्रत्येक गुण कागदावर चढवायचा असतो. पहिला आणि तिसरा डाव लाल शाईत, दुसरा आणि चौथा निळ्या. सामना संपला की शेवटच्या आकड्याखाली दोन आडव्या रेघा. मग पंचांची सही. सही झाली की जगातली कोणतीही ताकद तो आकडा बदलू शकत नाही.

"आणि टेबलावरच्या माणसाला टाळी वाजवायचा हक्क नसतो," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं की आमचा वॉचमन नझीरसुद्धा ते त्यांच्या सुरात म्हणून दाखवायचा.

आता त्यांना गावात कोणी टेबलावर बसवत नव्हतं. ते इथे इंटरनेटवर तिथला रेडिओ ऐकून आपल्या क्लबच्या प्रत्येक सामन्याचा कागद भरत आणि फाइलला लावत. तो कागद कोणाला हवा नव्हता.

त्या वर्षी क्लबच्या वर्धापनाचं पुस्तक निघणार होतं आणि जुन्या लोकांकडून आठवणी मागवल्या होत्या. आन्सेल्मो क्लबचा सगळा इतिहासच लिहायला बसले. दर गुरुवारी वर येऊन मला तो इंग्रजीत सांगत. मी घावणे करायचे, कधी वक्र्याच्या बाजारातला ताजा हमूर मासा तळायचे. ते काटा न् काटा वेगळा काढत खात आणि बोलत. अशा रीतीनं मी कधीही न पाहिलेलं एक थंड, धुक्यातलं छोटं शहर माझ्या जेवणाच्या टेबलावर हळूहळू उभं राहिलं.

क्लब सुरू केला एका बेकरीवाल्यानं, शाळेच्या अंगणात. मग गावानं त्यांना जुनी भाजी मंडई दिली. वर पत्रे, खाली फळ्या. "मोठ्या शहरांचे संघ यायचे आणि नाक दाबून खेळायचे, सेन्योरा. कांद्याचा वास! आम्हाला यायचाच नाही. आमचे निम्मे गुण कांद्याचे." पाऊस आला की टेबलावर गळायचं, म्हणून एक बाई सामनाभर त्यांच्या कागदावर छत्री धरून उभी राहायची. अमेरिकेहून पहिला उंच खेळाडू आला तेव्हा त्याचे पाय पलंगाबाहेर जात. सुतारानं पलंगाला शेपूट जोडलं आणि ते पाहायला गल्ली लोटली. अशा क्लबनं पायरी पायरी चढत देशातल्या सर्वांत वरच्या गटाचं दार गाठलं.

सांगताना मध्येच थांबून ते मोबाइल पाहायचे. "आज तिथे धुकं आहे." बाहेर आमच्या रस्त्यावरचं डांबर उन्हानं मऊ झालेलं असायचं. मी एकदा विचारलं, "सुट्टीत का जात नाही?" ते म्हणाले, "विमानं फार महाग आहेत." त्यांच्या अकादमीकडून वर्षाला एक तिकीट मिळत होतं, हे मला नझीरनं सांगितलं होतं.

मी शिस्तीची बाई. त्यांच्या प्रकरणांची यादी मी एका वहीत ठेवत होते. एका गुरुवारी अकराव्यानंतर त्यांनी एकदम तेरावं काढलं.

"बारावं कुठे आहे?"

"बारावं नाही."

"मिस्टर आन्सेल्मो, अकरानंतर बारा येतात. स्पेनमध्येसुद्धा."

ते हसले नाहीत. बशीतले काटे त्यांनी एका ओळीत लावले आणि मग सांगितलं.

वरच्या गटात जाण्याचा निर्णायक सामना, आपल्याच मंडईत. शेवटचं मिनिट. पाहुण्यांना दोन फ्री थ्रो. पहिला आत गेला, दुसरा हुकला आणि हुकलेला चेंडू पाब्लोनं पकडला. पाब्लो त्यांच्याच गल्लीतला. तो सगळ्यांना चुकवत धावत गेला आणि चेंडू जाळीत टाकला. "आणि मी उठलो, सेन्योरा. मी टाळी वाजवली." मग बसून त्यांनी पाब्लोचे दोन गुण लिहिले. पाहुण्यांचा पहिला फ्री थ्रो लिहायचा राहिला. फलकावरचा आकडा त्यांच्या कागदावरूनच लागायचा. शिट्टी वाजली तेव्हा फलकावर गाव एका गुणानं पुढे होतं.

लोक मैदानात उतरले. पाहुण्यांच्या बाकावर कुरबुर होती, पण खात्री कोणालाच नव्हती. रेघा मारण्याआधी बेरीज तपासताना यांना तो राहिलेला गुण दिसला. पंचांनी सहीसाठी पेन उघडलं होतं.

"एक क्षण गप्प बसलो असतो तर खलास. सगळं संपलं असतं."

"आणि?"

"मी पंचांचा हात धरला."

बरोबरी झाली. नाचणाऱ्या लोकांना मैदानाबाहेर काढून जादा पाच मिनिटं खेळवली. गाव हरलं. पुढे चांगले खेळाडू निघून गेले, काही वर्षांनी क्लब बंद पडला. पुढे जुन्या खेळाडूंनी तो अगदी तळापासून पुन्हा उभा केला. पण मधल्या काळात बेकरीत आन्सेल्मोंना पाव मिळायचा, 'नमस्कार' मिळायचा नाही. ते गाव सोडून निघाले, आणि शहरं बदलत शेवटी वक्र्याला पोचले.

"लोकांना वाटतं मी खरेपणामुळे पंचांना सांगितलं," ते म्हणाले. "खरेपणा कसला? चूक माझीच होती. उठलो नसतो तर आम्ही तेव्हाच बरोबरीत आहोत हे आमच्या मुलांना कळलं असतं, आणि ती शेवटपर्यंत त्या हिशेबानं खेळली असती."

मला सांत्वन जमत नाही, हे तुमची आई सांगेल. मी म्हटलं, "माझ्या वर्गात कोणी पान कोरं सोडलं तर मी पेपर परत द्यायचे. बारावं लिहा."

"ते मला पुस्तकातून काढून टाकतील."

"मग त्यांना काढू द्या. तुम्ही स्वतः काढू नका."

पुढचे दोन गुरुवार ते आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले ते सगळं पाठवूनच. त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे गावाकडून काही नाही. रविवारचा पांढरा शर्ट चालू होता, पण वरचं बटण उघडं राहू लागलं. मी रोज खाली जाताना विचारायचे नाही, आणि ते रोज 'नाही' म्हणून मान हलवायचे.

एका दुपारी बेल इतकी वाजली की मला वाटलं आग लागली. ते दारातच बोलू लागले. पाब्लोचा फोन आला होता. पाब्लो आता क्लबचा अध्यक्ष आहे.

"म्हणतो, बारावं छापतोय. पण एक वाक्य काढणार."

"कोणतं?"

"शेवटचं. त्यात मी गावाची माफी मागितली होती." त्यांनी भिंतीला हात टेकला. "आणि म्हणतो, वर्धापनाच्या सामन्याला टेबल तुमचं. हल्लीसारखं संगणकावर नाही, कागदावर. यल्ला, लवकर या."

अकादमीचा करार संपत आलाच होता. ते गेले ते परत यायचं नाही हे ठरवूनच. निघताना घडीचं टेबल नझीरला आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा, लाल आणि निळं पेन मला. "तिकडे नवीन घेईन," म्हणाले. विमानतळावर मी गेले नाही. तिथल्या काचा मला तुम्ही गेल्यापासून आवडत नाहीत.

वर्धापनाचा सामना मी लॉबीत बसून मोबाइलवर पाहिला. नझीरनं टेबल मांडून दिलं. लाल पेन डावीकडे, निळं उजवीकडे. चित्रात ते मैदानाच्या कडेला एवढेसे दिसत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. मी त्यांच्याबरोबर कागद भरत होते. शेवटच्या क्षणी त्यांच्या क्लबच्या मुलींच्या संघातल्या एकीनं लांबून चेंडू टाकला आणि तो आत गेला. सगळी मंडई उभी राहिली. फक्त ते खाली वाकून लिहीत होते. त्यांनी रेघा मारल्या, एक, दोन. पंचांनी सही केली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, खुर्ची मागे सारली, उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. बाकीचे थांबले तरी ते थांबेनात.

"मॅडम, क्या हुआ?" नझीर धावत आला. तेव्हा मला कळलं की मीही उभी होते आणि रिकाम्या लॉबीत टाळ्या वाजवत होते.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी कागद फाइलला लावायला घेतला. त्या मुलीची शेवटची बास्केट माझ्याकडून लिहायची राहिली होती. निळं पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. तो कागद तसाच आहे, खाली रेघा न मारलेला. तुम्ही याल तेव्हा दाखवीन.