डावीकडची खिडकी

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. एक टेबलाशी उभी राहते, दोन टोकं धरून. दुसरी उरलेली दोन टोकं घेऊन मागे सरकते, चादर ताणून झटकते, मग चालत येऊन आपल्या हातातली टोकं पहिलीच्या हातात देते, खाली लोंबणारी दुमड उचलते आणि पुन्हा मागे जाते. धुलाईखान्यात या दोघींना उभी आणि चालती म्हणतात. चादर जमिनीला लागली की ती मळकी समजायची आणि परत धुवायला पाठवायची. आणि चादर पडली तर चूक चालतीची. हलते हात तिचे. उभीने नुसतं धरायचं असतं. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण तो मोडलेलाही कोणी पाहिला नव्हता.

घडीबाई उभी होती आणि शिडी चालती. ही नावं धुलाईखान्याने ठेवलेली. शिडी उंच, हडकुळी, पावलं लांब टाकणारी. घडीबाई ठेंगणी, गोल चेहऱ्याची. तिच्या हाताखालून गेलेल्या घडीची कड कडेला अशी भिडायची की परिचारिकासुद्धा चादर उलगडण्याआधी क्षणभर थांबत. घरीही तिचं तेच. सायकलच्या दुकानावरची एक खोली, तिच्यात रुमाल, वर्तमानपत्र, रिकामी पिशवी, सगळं चौकोनी. आई होती तोवर आईचं केलं. आईला कोणी उचलून ठेवायला नव्हतं म्हणून स्वतःच्या लग्नाचं बोलणं उचललं नाही, आणि आई गेली तेव्हा बोलणी करणारेही गेले होते. भाऊ दूर गावी. तो वर्षातून एकदा फोन करायचा आणि तुझं काय बाई, तू एकटा जीव, मजेत, असं म्हणून ठेवून द्यायचा.

मजा होती ती एकच. डोंगरातलं तळं.

सुरुवात कपड्यांची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरने केली. तो एकदा तिकडे जाऊन आला आणि सांगत सुटला की वर चढून गेलं की चारी बाजूंनी डोंगर, मधे पाणी, आणि ते पाणी सकाळी काळं असतं, दुपारी हिरवं होतं. घडीबाईने ते ऐकलं आणि पुढची घडी घालताना शिडीला म्हणाली, आपण जाऊ या की एकदा. शिडी म्हणाली, जाऊ या. एवढंच. पण तिथून पुढे कितीतरी वर्षं त्या दोघी रोज तळ्याला जात होत्या.

बोलायचं कसं, तर तुकड्यातुकड्याने. वाळवणीच्या यंत्रांचा इतका आवाज की चादरीच्या दोन टोकांना उभं राहून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. टोकाला टोक भिडवायला शिडी जवळ यायची, नाकाला नाक लागेल इतकी, तेवढ्यात एक वाक्य बोलून घ्यायचं. उत्तर पुढच्या खेपेला. "पहिली बस धरायची." चादर. "उकडलेली अंडी घेऊ, वाटेत वास सुटला तर सुटू दे." चादर. "होडीत मी बसायची नाही." "तुला शिडी लावून उतरवू." चादर. बसमध्ये डावीकडची खिडकी धरायची, कारण ड्रायव्हर म्हणाला होता की दरी त्या बाजूला आहे, उजवीकडे नुसता कातळ. पलीकडच्या काठावर जायचं, चपला काढायच्या, पाय पाण्यात सोडायचे, पण घोट्यापर्यंतच. घोट्यापर्यंतच का, यावर एक अख्खा हिवाळा गेला. घडीबाईचं म्हणणं, त्याहून वर ओलं झालं की सर्दी होते. शिडी म्हणायची, तळ्याला जाऊन गुडघा कोरडा ठेवणारी बाई मी पहिल्यांदा पाहतेय.

शिडीच्या घरी मुलगा, सून, नातू. तिला बोलायला माणसं होती. तळं हा तिच्यासाठी हातांबरोबर तोंडाला दिलेला चाळा होता. घडीबाईसाठी काय होतं, ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. पण संध्याकाळी खोलीवर एकटी जेवताना ती दुसऱ्या दिवशीचं वाक्य तयार करून ठेवायची, हे खरं.

या वर्षी तिने धीर केला. मुकादमाकडे जाऊन दोघींची एकाच आठवड्यात रजा मागितली. जोडीला एकदम रजा मिळत नसे, टेबल बंद पडतं. मुकादम माणूस वाईट नव्हता. डोकं खाजवत म्हणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागताय, जा बायांनो, पण पाण्यात पडू नका. घडीबाईने हे शिडीला सांगितलं तेव्हा शिडीची पावलं एक क्षण अडखळली. मग ती म्हणाली, बरं झालं.

त्याआधी शिडीने दोन दिवस दांडी मारली होती, सुनेच्या माहेरी कोणी आजारी म्हणून. रजा मंजूर झाल्यावर दोघी पुन्हा घड्या घालू लागल्या आणि घडीबाई ठरलेली वाक्यं पुन्हा म्हणू लागली, आता खरंच जायचं म्हणून जरा सावकाश, चव घेत. पहिली बस. अंडी. डावीकडची खिडकी.

"डावीकडे नको गं," टोकं हातात देताना शिडी म्हणाली. "सकाळी ऊन सरळ डोळ्यांवर येतं. दरी दिसतच नाही."

ती मागे गेली. चादर ताणली, झटकली, चालत आली.

"तुला कसं ठाऊक?" घडीबाईने विचारलं.

शिडी मागे गेली. वर्षानुवर्षं बेत दुरुस्त करायची सवय. जीभ त्या सवयीनेच घसरली होती. चादर संपली, दुसरी घेतली. शिडी जवळ आली तेव्हा तिचे डोळे चादरीच्या कडेवर होते.

"गेले होते. सुनेची सुट्टी होती, मुलाने गाडी काढली. एकदम ठरलं."

पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"आपण जाऊच की," ती म्हणाली. "रजा आहे ना."

घडीबाईने घडीवर हात फिरवला, सुरकुती नव्हती तिथेही फिरवला, आणि म्हणाली, जाऊ की.

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दुपारी डबे उघडले तेव्हा तिने हसतहसत सगळ्यांना सांगितलं की आमची शिडी तळं बघून आली बरं का, गपचूप. मग शिडीला सांगायला लावलं. पाणी खरंच काळं असतं का? पाय सोडलेस का? घोट्यापर्यंत की वर? अंडी नेली होतीस? शिडी मान खाली घालून उत्तरं देत होती, हो, गुडघ्यापर्यंत, हो, नेली होती. इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या की घडीबाई, तुमचा बेत, तुमची अंडी आणि खाल्ली हिनं, आणि सगळे हसले. घडीबाई सगळ्यांपेक्षा जास्त हसली. दुसऱ्या दिवशी तिने तेच पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी शिडी डबा घेऊन जिन्यात जेवायला बसली.

मग एक चादर पडली.

शिडीने टोकं दिली, घडीबाईने घेतली आणि शिडी दुमड उचलायला वाकली तेव्हा घडीबाईने दोन बोटं सैल केली. तेवढंच. पांढरं कापड सरसरत शिडीच्या पायांवर उतरलं. शिडी दचकली, जीभ चावली, चादर गोळा केली. मुकादम लांबून बघत होता; त्याने हसून बोट दाखवलं. पुढच्या आठवड्यात आणखी पडल्या. कधी सकाळी, कधी दिवसाअखेरीस हात थकलेले असताना, म्हणजे कोणालाही खरं वाटावं. घड्या घालण्यात मुरलेल्या त्या बाईला घडी सोडायची कशी, तेही नेमकं जमत होतं.

शिडीला तिच्यावर संशय आला नाही. उभी टोकं सोडते, असा विचारच तिथे कोणाच्या डोक्यात यायचा नाही. तिला आपल्या हातांचा संशय आला. घरी नातवाचा रबरी चेंडू घेऊन ती तो दाबत बसू लागली. बोटांना तेल चोळू लागली. रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवून आली. त्यांनी वयाप्रमाणे ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि ठीक आहे यापेक्षा तिला वयाप्रमाणे हाच शब्द ऐकू आला. एकदा टोकाला टोक लावताना तिने विचारलं, "माझ्या हातात जोर राहिला नाही का गं? तुला कळत असेल, तू धरतेस."

तिचे डोळे भरलेले होते. घडीबाईला ते हातभर अंतरावरून दिसत होते.

"व्हायचंच की," घडीबाई म्हणाली. "वय कोणाला सुटलंय."

मुकादमाने एके दिवशी शिडीला बाजूला घेतलं. मळकीकडे एक जागा होती, तिथे बारीक काम नाही, नुसतं उचलायचं आणि टाकायचं. धुलाईखान्याला दोन बाजू. एकीकडे वॉर्डांतून आलेलं मळकं कापड, रक्ताचं, औषधाचं, त्याहून वाईट कशाकशाचं, दुसरीकडे धुतलेलं. मधे जमिनीवर पिवळा पट्टा. मळकीकडचं माणूस कामाच्या वेळात पट्टा ओलांडून इकडे येत नाही. तिकडे गेलेली माणसं वासाने आधी जेवण टाकतात, मग बोलणं. शिडीने काही वाद घातला नाही. माझ्याच हातांनी दगा दिला, तुम्ही तरी काय करणार, असं मुकादमालाच समजावून ती गेली. तिची रजाही गेली; मळकीकडे नवीन गेलेल्याला रजा मिळत नाही. जाताना घडीबाईला म्हणाली, "तू जाऊन ये. माझ्यासाठी थांबू नकोस."

पाचसहा दिवसांनी, डब्याच्या वेळेला, शिडी पिवळ्या पट्ट्यापाशी येऊन उभी राहिली. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे होते. तिने घडीबाईला हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. घडीबाई डबा झाकून गेली. दोघींच्या मधे पट्टा. इतकी वर्षं नाकाला नाक लावून बोललेल्या बायका, त्यांना एवढंसं अंतर ठेवून कसं उभं राहावं ते कळेना.

"इकडे ओल्या चादरी उचलते मी," शिडी म्हणाली. "पाण्याने गच्च झालेल्या, एकेक दगडासारखी. पहिल्या दिवशी घाबरले होते. पण एकही सुटली नाही हातातून."

घडीबाई तिच्या मोज्यांकडे बघत राहिली.

"तू सोडत होतीस."

"हो."

शिडीने मान डोलावली, गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळावं तशी.

"मी चेंडू दाबत बसायचे ते ठाऊक होतं तुला."

"तूच सांगितलंस की."

"मग आता तूही एक ऐकून ठेव," शिडी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "गाडीत जागा होती. सून म्हणाली, रोज एवढं नाव घेता, तुमच्या त्या मैत्रिणीला घेऊ या. मी नको म्हटलं."

"का?"

"तू आली असतीस तर मला तळं दाखवत बसली असतीस. इथे बस, तिकडे बघ, पाय घोट्यापर्यंतच सोड. सगळं तुझं ठरलेलं. मला एकदा कोणी काही न सांगता बघायचं होतं. बघितलं. काठावर बसले आणि काय वाटलं सांगू? हायसं वाटलं, तू नाहीस म्हणून."

घडीबाईचा हात पदराच्या टोकाशी गेला आणि त्याची चौकोनी घडी करू लागला.

"तरी तुझ्याबरोबर येणार होते मी," शिडी म्हणाली. "पहिल्यांदाच बघतेय असं दाखवणार होते. सगळं ठरवून ठेवलं होतं, कुठे काय बोलायचं ते. तुला कळलंसुद्धा नसतं." मग तिने मोज्याने कपाळ पुसायला हात उचलला, मोजा कशाने भरलाय ते पाहून खाली घेतला, आणि वळून गेली.

रजेचा आठवडा आला तशी घडीबाई नेहमीच्या वेळेला कामावर हजर. मुकादम म्हणाला, अहो, तुमचं तळं? ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. आता इस्त्रीवाल्या काकूंना तिच्यासमोर चालती म्हणून दिलं होतं. जाडजूड, मंद पावलांच्या, तोंडात सुपारी धरून बसल्यासारख्या गप्प. सकाळ अर्धी उलटली. काकू टोकं द्यायला जवळ आल्या तेव्हा घडीबाई म्हणाली, "तुम्ही डोंगरातलं तळं पाहिलंय का हो?"

काकू मागे गेल्या, चादर झटकली, सावकाश चालत आल्या.

"मला गाडी लागते," त्या म्हणाल्या.

पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"आणि कामात बोललेलं मला चालत नाही. मोजायचं राहतं."

घडीबाईने टोकं घट्ट धरली. त्या दिवशी एकही चादर पडली नाही. संध्याकाळी मुकादम टेबलाजवळून जाताना थांबला, नीट रचलेल्या घड्यांकडे त्याने समाधानाने पाहिलं आणि म्हणाला, बघा, खोट कुठे होती ते कळलं की नाही?

कळलं, घडीबाई म्हणाली.