‘प्रिमायसेस’ या शब्दाचा अर्थ

माझ्या थोरल्या भावाचा अमळनेरला फोटो स्टुडिओ होता. त्याला जाऊन आठ महिने झाले. त्याच्याविषयी लिहायला बसलो की त्याच्या चेहऱ्याआधी मला एक इंग्रजी शब्द आठवतो.

मी कॉलेजात होतो तेव्हा त्याने एक जुना, पण चांगला कॅमेरा घेतला. घर लग्नसराईवर चालायचं. धुळ्याच्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा एसटीतून गेल्याचं कानावर आलं आणि भाऊ पिशवी मांडीवरून खाली ठेवेना. शेवटी चोरीचा विमा काढायचं ठरलं. फॉर्म इंग्रजीत होता. भाऊ नववीपर्यंत शिकलेला, मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. करणारा. फॉर्म माझ्याकडे आला.

त्यात अट होती की भरपाई नमूद केलेल्या ‘प्रिमायसेस’पुरतीच मिळेल. हा शब्द मला पाठ होता. तर्कशास्त्रात त्याचा अर्थ आधारविधानं, ज्यांच्यावरून निष्कर्ष काढायचा ती वाक्यं. म्हणजे आपण लिहून दिलेलं खरं असेल तर भरपाई मिळणार, असा अर्थ मी लावला आणि स्वतःवर खूश झालो.

“कॅमेरा नवा शे आसं लिखी टाक ना भो,” भाऊ म्हणाला. “कोन देखस?”

“नाही. एक विधान खोटं निघालं तर सगळंच कोसळेल.”

वस्तू आणखी कुठे वापरणार, असा एक रकाना होता. भाऊ म्हणाला, “लगनले तं मी बठ्ठीकडे जास. ते लिखनं का?”

“जी गावं अजून ठरलीच नाहीत, ती कशी लिहायची?” विधानं जितकी कमी, तितकी चूक कमी, असा माझा हिशेब. रकाना मी रिकामा सोडला.

“इमाना साहेबले इचारी ल्यूत का?”

“मी वाचलंय ना? विचारायचं काय त्यात?” तो अहिराणीत बोलत होता आणि मी पुस्तकी मराठीत उत्तरं देत होतो, हेही आता टोचतं.

“बरं प्रोफेसर,” म्हणत तो हसला आणि त्याने सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात धरणगावच्या एका लग्नात मुलीच्या वडिलांनी त्याला हाताला धरून पंगतीला बसवलं. पिशवी मांडवातल्या खुर्चीवर होती. हात धुऊन परत आला तर खुर्ची होती, पिशवी नव्हती. कॅमेऱ्यात लग्नाचा रोल होता, तोही गेला. आठ दिवसांनी नवरानवरीला पुन्हा मुंडावळ्या बांधून स्टुडिओत उभं केलं. मागून आणलेल्या कॅमेऱ्याने भाऊ फोटो काढत होता. “दुसऱ्यांदा लगीन लावताय का भाऊ?” नवरदेव कुरकुरला. सगळे हसले. भाऊही हसला, पण जरा उशिरा. त्यांना निरोप देताना म्हणाला, “इमा शे आपला. नवा कॅमेरा ई जाई.”

विम्याचं ऑफिस धुळ्याला होतं. भाऊ बाहेर बाकावर बसला आणि इंग्रजीवाला म्हणून मी आत गेलो. साहेबांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला.

“चोरी मांडवातली. विमा दुकानातल्या कॅमेऱ्याचा.”

“पण प्रिमायसेस म्हणजे आधारविधानं ना?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “प्रिमायसेस म्हणजे जागा. तुमचं दुकान. बाहेर नेणार असाल तर हा रकाना होता. ‘लग्नकार्यासाठी बाहेर’ एवढं लिहिलं असतं तरी वेगळी पॉलिसी करून दिली असती.” ते हसले असते तर बरं झालं असतं.

बाहेर भाऊ उठून उभा राहिला होता. “काय म्हनस साहेब?”

“कंपनीने नियम बदललाय,” मी म्हणालो.

 तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “तू व्हता म्हनीसन कळनं तरी.”

नवा कॅमेरा त्याच्याच्याने कधी झाला नाही. स्टुडिओ बंद करून तो जळगावला दुसऱ्याच्या स्टुडिओत कामाला लागला आणि लग्नांचे फोटो दुसऱ्याच्या नावावर काढत राहिला. भेटेल त्या फोटोग्राफरला सांगायचा, विम्याच्या नादी लागू नका, नियम बदलतात. मी पुढे खरंच प्राध्यापक झालो. दर वर्षी आधारविधान हा धडा शिकवला. त्याला खरं सांगायचं दर दिवाळीला ठरवायचो, आणि तो हौसेने फराळाचं ताट माझ्यापुढे सरकवायचा.

त्याच्या दहाव्याला धुळ्याहून एक फोटोग्राफर आला. त्याने नुकताच व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. “इमा काही काढा नही,” तो म्हणाला. “भाऊ सांगेत, नियम बदलतस.”

“नियम बदलला नव्हता,” मी म्हणालो. “मी अर्थ चुकीचा लावला होता. आणि त्याच्याशी खोटं बोललो.”

“भाऊले माहीत व्हतं?”

“नाही.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पुढे येऊन चहाचे कप उचलले. माझा अर्धा भरलेला होता, तोही उचलला.

आता बँकेचे, घराच्या उताऱ्याचे कागद येतात, ते ती गल्लीतल्या मास्तरांकडून वाचून घेते. मी समोर बसलेलो असलो तरी.