नळाला शिवणारे काका

फ्रीगंजात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका कॉम्प्युटरला जोडायची छोटी सर्किटं बनवतात. सर्किट हातात घेण्याआधी अंगातली वीज उतरावी म्हणून ते लोखंडी नळाला शिवतात. बोलणं अर्धवट सोडून उठतात, शिवून आले की पुरं करतात.

परवा मी माझ्या मेहुण्यांना त्यांच्याकडे नेलं. त्यांची ऑर्डर मोठी होती, पण त्यांना सर्किटचं डिझाइन गुप्त हवं होतं.

"जिस कोडवर हे सर्किट चालतं ना, तो फुकट मिळालाय," काका म्हणाले. "त्याची अट आहे, आपलं डिझाइनही सगळ्यांना खुलं ठेवायचं."

"अहो, कौन देखता है?" मेहुणे हसले.

काका उठले, नळाला शिवून आले. मग लॅपटॉप उघडून त्यांनी आमच्यासमोरच सगळं डिझाइन इंटरनेटवर टाकलं.

"आता कोणीही बघेल," ते म्हणाले. "ऑर्डर द्यायची आहे अजून?"