शेजाऱ्यांना कळवावे

भिंतीच्या आत काय साठवलंय ते भिंतीबाहेरच्या माणसांना कळू नये, अशी कुणीतरी अगदी पद्धतशीर सोय करून ठेवली आहे. कुणी, ते विचारू नका. मी विचारलं होतं. प्रत्येकाने शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं!

उदारीकरण आलं आणि हैदराबादभोवती औषधांचे कारखाने भराभर उभे राहिले. एम.एस्सी. झाल्या झाल्या मी सिकंदराबादच्या एका कन्सल्टन्सीत लागले. विषारी रसायनं बाळगणाऱ्या कारखान्यांचे सरकारला द्यायचे सुरक्षा अहवाल आम्ही तयार करायचो. किस्से इतके साचले की मलकपेठेत घरी जेवायला बसले की बाबाच विचारायचे, "आज काय नवीन?"

सगळे नाही सांगत. एकाच कारखान्याचे सांगते. आत क्लोरीन, आणि भिंतीला लागून बस्ती.

*

क्लोरीनचा साठा ठरावीक मर्यादेपुढे गेला की सविस्तर अहवाल सक्तीचा. मालकांनी आवाराच्या मधोमध कंबरेएवढी भिंत घातली. अर्धे सिलिंडर त्यांच्या कंपनीचे, अर्धे मिसेसच्या कंपनीचे. दोघंही मर्यादेच्या आत!

"गॅस सुटला तर या भिंतीपाशी थांबणार आहे का?" मी मॅनेजर रावांना विचारलं.

"अम्मा, मियां-बीवी का मामला है," राव म्हणाले, "बीच में हम नै बोलते!"

मी अडूनच बसले, तेव्हा कुठे आमच्या कन्सल्टन्सीच्या देशपांडे सरांनी अहवालात दोन्ही साठे एकत्र धरले.

*

आपत्कालीन योजना सरांनीच लिहिली. म्हणजे, मुंबईकडच्या एका कारखान्याची जुनी योजना नव्या कॉम्प्युटरवर घेतली आणि गावाचं नाव बदललं. त्यात होतं, 'रहिवाशांना बोटींतून सुरक्षित स्थळी हलवावे.'

"सर, तिथे साधा ओढासुद्धा नाही!"

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "मग पुढे लिही, 'उपलब्ध असल्यास'."

*

मग मॉक ड्रिल. सरकारी इन्स्पेक्टर घड्याळ घेऊन गेटवर उभे. भोंगा वाजला आणि बस्तीतली माणसं धावत सुटली. थेट कारखान्याकडे! तोच भोंगा रोज जेवणाच्या सुट्टीला वाजायचा. बायका कामावरच्या नवऱ्यांचे डबे घेऊन गेटवर हजर.

इन्स्पेक्टरांनी शेरा मारला, 'स्थानिकांचा प्रतिसाद तत्पर.'

*

आता मात्र माझं डोकं फिरलं. धोका काय आणि काय करायचं, हे शेजाऱ्यांना सांगा, असं नियमातच आहे. आजवर एकानेही सांगितलं नव्हतं. खरंच गॅस सुटला असता तर ही माणसं डबे घेऊन गॅसमध्येच शिरली असती.

"क्यों डराते जी गरीबों को?" राव म्हणाले. मी रोज फोन करत राहिले. शेवटी कंटाळून त्यांनी सभेला होकार दिला. "मंगलवार को रखो. टँकर का दिन है, सब लोगां मिलते."

बस्तीतली बोअर कारखान्यामुळे खराब झाली होती. म्हणून कारखानाच आठवड्यातून एकदा पाण्याचा टँकर पाठवायचा.

टँकरपाशी खरंच सगळे जमले. मी घसा फोडून समजावलं. धोक्याचा नवा भोंगा लांबलचक वाजेल. वारा जिकडून येतो तिकडे किंवा जिकडे जातो तिकडे पळू नका. वाऱ्याला आडव्या दिशेने निघा. आणि निघताना नाकातोंडावर ओलं फडकं घट्ट धरा. माणसं मन लावून ऐकत होती. रावसुद्धा मान डोलावत होते. मला वाटलं, झालं एकदाचं!

"किसी को कुछ पूछना है?"

मागे एक बाई उभी होती. काखेत पोर, पायाशी रिकाम्या घागरी.

"फडका भिगाने कू पानी होना ना, मॅडम," ती म्हणाली. "गॅस मंगलवार कूइच निकलती क्या?"